बिऱ्हाड क्लाऊडवर, सवयी जुन्याच

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की ऑफिसातलं जुनं सॉफ्टवेअर क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटासेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर, न्यायचं चाललं असेल तर शंका पाठवा. त्यानंतर मेलबॉक्सची जी हालत झाली ती विचारूच नका. गंमत म्हणजे बऱ्याच पत्रांत प्रश्न नाहीयेत, ठाम समजुती आहेत आणि शेवटी नुसतं 'बरोबर ना ताई?' जोडलंय. त्यातली काही इथे घेतलीत, थोडी कापून. नावं मुद्दाम काढलीत, कारण बऱ्याच जणांनी आपापल्या साहेबांबद्दल फारच मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न : ताई, साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं की क्लाऊडवर गेलो की सर्व्हरचा खर्च निम्म्यावर येणार. सहा महिने झाले, बिल दुप्पट येतंय आणि अकाउंट्सवाले माझ्याकडे बघतात. क्लाऊडमध्ये जेवढं वापरू तेवढेच पैसे असतात ना?

उत्तर : नाही, आणि सगळी गोची ह्या एका वाक्यातच आहे. जेवढं वापराल तेवढे नाही, जेवढं चालू ठेवाल तेवढे पैसे. तुमचा जुना सर्व्हर १६ कोअरचा, म्हणजे १६ प्रोसेसरांच्या ताकदीचा होता म्हणून क्लाऊडवर पण १६ कोअरचंच मशीन घेतलं असणार, पैज लावते. पण तो जुना सर्व्हर घेताना कोणीतरी पुढची पाच-सहा वर्षं डोळ्यासमोर ठेवून वाढत्या अंगाचा घेतला होता. त्याचा सीपीयू दिवसभरात किती टक्के चालतो ते महिनाभर नोंदवून बघा, आणि महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे बरं का, नाहीतर नेमका जोर लागतो तो दिवसच निसटायचा. एरवी आठ-दहा टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि महिनाअखेरीलाही पस्तीस-चाळीसच्या वर जात नसेल तर अर्ध्या मशीनचं भाडं तुम्ही दर तासाला उगाच भरताय. विकत घेतलेल्या मशीनचा रिकामा भाग नुसता पडून राहतो, भाड्याच्या मशीनचा रिकामा भाग बिलात येतो.

मग टेस्टिंगचे सर्व्हर. आठवड्याचे तास १६८, तुमचे टेस्टर काम करणार फार फार तर ५०. उरलेले ११८ तास ते मशीन कोणासाठी चालू असतं? बंद केलंत तर त्या मशीनच्या भाड्यातले ७० टक्के वाचतात. पण बंद कसं करता तेही बघा. अझ्युअरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडवर, विंडोजच्या आतून शट डाऊन केलं तर मशीन थांबतं, मीटर थांबत नाही, मशीन कंपनीला परत सोडायला पोर्टलवरून डीअ‍ॅलोकेट करावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे रोज संध्याकाळी इमानदारीत शट डाऊन करून घरी जाणारे लोक मी पाहिलेत, बिचारे. आणि मशीन बंद असलं तरी डिस्कचं भाडं चालूच, कोणीतरी 'असू दे' म्हणून काढून ठेवलेल्या स्नॅपशॉटचंही (डिस्कच्या त्या क्षणाच्या नकलेचंही) चालूच.

तिसरी गोष्ट डेटा बाहेर काढण्याची. आत टाकायला सहसा पैसे नसतात, बाहेर काढायला असतात. तुमच्याकडे कोणी रोज रात्री अख्खा डेटाबेस ऑफिसात उतरवून त्यावर एक्सेलचे रिपोर्ट बनवत असेल (असतंच कोणीतरी!) तर त्याची ओळ बिलात वेगळी शोधा. लायसन्सचंही तसंच. ऑफिसात ओरॅकल डेटाबेसच्या लायसन्ससाठी प्रोसेसर मोजताना जो कोअर फॅक्टर (कोअरच्या संख्येला गुणायचा आकडा) लावतात तो ओरॅकलच्या नियमाप्रमाणे एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचा क्लाऊड) किंवा अझ्युअरवर लागू नाही, तिथे सहसा दोन व्हीसीपीयूला (भाड्याच्या मशीनमधल्या आभासी प्रोसेसरांना) एक लायसन्स धरतात, म्हणजे तेवढ्याच ताकदीला जास्त लायसन्स लागू शकतात. एक किंवा तीन वर्षांचा करार केला की भाडं बरंच उतरतं हे खरंय, पण मशीनचा साइज ठरायच्या आधी करार करू नका, नाहीतर चुकीचा साइज तीन वर्षांसाठी गळ्यात.

आता साहेबांच्या बाजूनेही एक सांगते. 'दुप्पट' म्हणजे कशाच्या दुप्पट? जुना सर्व्हर कधीच विकत घेऊन झालेला, म्हणून त्याचा खर्च शून्य धरला असेल. त्या खोलीचा एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या, मधेच उडालेली डिस्क आणि ती बदलायला रविवारी आलेला माणूस, हे सगळं आयटीच्या खात्यात नव्हतंच. दोन्ही बाजूंचा हिशोब एका कागदावर घ्या आणि मग भांडा. लोकांच्या फाइल साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीने आपला बहुतेक साठा एडब्ल्यूएसवरून स्वतःच्या मशीनवर आणला आणि २०१६ व २०१७ या दोन वर्षांत मिळून साधारण ७ कोटी ४६ लाख डॉलर वाचवले, हे त्यांनीच शेअर बाजारात येताना जाहीर केलं. पण त्यांच्याकडे तेवढा प्रचंड डेटा होता आणि मशीन सांभाळायला इंजिनियरांची फौज. तुमच्याकडे दोन सर्व्हर आणि सुट्टीवर गेलेला एक माणूस असेल तर गणित उलटंही येईल.

प्रश्न : एकेक पाऊल टाकायचं ठरवून आम्ही आधी फक्त डेटाबेस क्लाऊडवर नेला, अ‍ॅप्लिकेशन ऑफिसातच ठेवलं. आता ऑर्डरचा स्क्रीन उघडायला १२-१३ सेकंद लागतात, पूर्वी बोट ठेवलं की उघडायचा. व्हेंडर म्हणतो मोठा सर्व्हर घ्या, नेटवर्कवाला म्हणतो १०० एमबीपीएसची लाइन २०० करा. कोणाचं ऐकू?

उत्तर : कोणाचंच नको, दोन्हीकडे तुमचेच पैसे वाया जातील. सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच आहे म्हणून जरा नीट लिहिते.

तुमचा स्क्रीन उघडताना आत काय होतं बघा. प्रोग्राम आधी ऑर्डर मागतो. उत्तर आलं की पहिली ओळ मागतो, मग त्या मालाचं नाव, मग त्याचा दर, मग कर, मग शिल्लक साठा. मग दुसरी ओळ, परत तेच सगळं. ऐंशी ओळींची ऑर्डर आणि प्रत्येक ओळीला पाच क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) म्हटलं की झाल्या ४००. हे लिहिणाऱ्याची चूक म्हणावी तर तसंही नाही, कारण डेटाबेस शेजारच्या खोलीत होता, एका क्वेरीची जा-ये अर्ध्या मिलिसेकंदात व्हायची, ४०० क्वेरींना ०.२ सेकंद लागायचे आणि ते कोणाला कळायचंही नाही. आता तोच डेटाबेस लांब गेला, जा-ये समजा ३० मिलिसेकंद झाली. ४०० गुणिले ३०, म्हणजे १२ सेकंद. तुमचे १२-१३ सेकंद हे असे आलेत.

प्रत्येक उत्तर असतं काहीशे बाइटचं, त्यामुळे लाइन रुंद करून काही होणार नाही, एकट्या माणसाला चार पदरी रस्ता दिला म्हणून तो लवकर पोचत नाही. अंतराला उपाय नसतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटर लांबच्या डेटासेंटरला जाऊन परत यायला निव्वळ प्रकाशालाच १० मिलिसेकंद लागतात, वाटेतले राउटर आणि आडवळणं वेगळी. मोठा सर्व्हर घेतलात तर तो उत्तर अर्ध्या मिलिसेकंदाऐवजी पाव मिलिसेकंदात तयार करेल आणि ते उत्तर तसंच ३० मिलिसेकंद प्रवास करेल.

करायचं काय, तर आधी मोजा. क्लाऊडवरच्या सर्व्हरला पिंग मारा, जा-ये किती ते कळेल (पिंग बंद ठेवलेलं असेल तर डेटाबेसला एक रिकामी क्वेरी टाकून वेळ बघा). मग डेटाबेसचं ट्रेस, म्हणजे आलेल्या क्वेरींची नोंद, चालू करून तो एकच स्क्रीन एकदा उघडा आणि क्वेरी मोजा. दोन आकड्यांचा गुणाकार घड्याळातल्या सेकंदांच्या आसपास आला की निदान पक्कं. उपाय म्हणजे अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस एकत्र हलवायचे, एकाच रीजनमध्ये (क्लाऊड कंपनीच्या एकाच भागातल्या डेटासेंटरांत), शेजारी शेजारी. ही जोडी फोडायचीच नाही. माणसांनी लांबून ब्राउझरने किंवा रिमोट डेस्कटॉपने (लांबच्या मशीनचा पडदा आपल्याकडे दाखवणाऱ्या सोयीने) यावं, कारण माणूस मिनिटाला चार बटणं दाबतो, प्रोग्राम सेकंदाला शेकडो क्वेरी टाकतो, मग लांब कोणाला ठेवायचं ते उघड आहे. आणि हे जमेपर्यंत डेटाबेस परत ऑफिसात आणायची वेळ आली तर आणा, त्यात कमीपणा कसला.

प्रश्न : आमचे सिनियर म्हणतात क्लाऊडवर डेटा एका जागी नसतोच, त्याच्या कॉप्या सगळीकडे असतात, त्यामुळे बॅकअपची टेप, डिस्क वगैरे सगळं आता बंद करायचं. बरोबर ना ताई?

उत्तर : अजिबात नाही. सिनियरना मानाने सांगा, पण सांगा.

क्लाऊड म्हणजे हवा नव्हे, कुठल्यातरी गावातली एक इमारत असते आणि ती जळूही शकते. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटासेंटर आगीत गेलं आणि शेजारच्या दुसऱ्याचा काही भागही. ज्यांनी बॅकअप वेगळ्या शहरात ठेवला होता ते पुन्हा उभे राहिले, ज्यांचा त्याच आवारात होता किंवा नव्हताच त्यांचा डेटा गेला तो गेलाच. कॉप्या किती आणि कुठे हे तुम्ही काय निवडलंय आणि कशाचे पैसे भरताय त्यावर असतं, आपोआप सगळीकडे जात नाहीत.

आणि आग सोडा हो, ती क्वचित लागते. रोजचा धोका वेगळाच असतो. कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी चुकीच्या डेटाबेसवर डिलीट मारलं की ते डिलीट पण तितक्याच इमानदारीने सगळ्या कॉप्यांवर जातं, काही क्षणांत. कॉपी आजचा डेटा दाखवते. तुम्हाला हवा असतो काल दुपारचा. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या स्टोरेजचं जे ९९.९९९९९९९९९ टक्के वगैरे सांगतात त्याचा अर्थ त्यांच्या डिस्क तुमची फाइल हरवणार नाहीत इतकाच, तुम्ही स्वतः ती पुसणार नाही असं त्यात कुठे लिहिलंय?

तिसरा प्रकार खात्याचा. २०१४च्या जून महिन्यात कोड स्पेसेस नावाची कंपनी होती, तिच्या क्लाऊडच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कोणी घुसलं आणि डेटा आणि बॅकअप दोन्ही पुसत सुटलं, कारण दोन्ही एकाच खात्यात होते. कंपनी बंद पडली. उलट मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर ह्या पेन्शन फंडाचं गूगल क्लाऊडवरचं प्रायव्हेट क्लाऊड (फक्त त्यांच्यासाठी राखलेली मशीन), उभं करताना एक रकाना रिकामा राहिला होता म्हणून, मुदत संपल्यासारखं आपोआप डिलीट झालं, सहा लाखांवर सभासदांना आठवडाभर खातं दिसेना, पण बॅकअप वेगळे आणि एक तर दुसऱ्याच प्रोव्हायडरकडे, म्हणजे क्लाऊड देणाऱ्या कंपनीकडे, होते म्हणून सगळं परत आलं. तेव्हा एक कॉपी वेगळ्या खात्यात, शक्यतो वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या पासवर्डखाली. आणि तीन महिन्यांतून एकदा ती रिस्टोअर करून, म्हणजे परत चढवून, बघायची. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप असला काय नि नसला काय.

प्रश्न : प्रोव्हायडर जगातला मोठा आहे, त्यांच्याकडे सगळी सर्टिफिकेट आहेत. म्हणजे आमच्या सिक्युरिटीची कटकट संपली ना?

उत्तर : तुमच्या पत्राच्या खालीच दुसऱ्या एकांचं पत्र होतं, त्यांचे मालक म्हणतात डेटा आपल्या कपाटाशेजारीच सुरक्षित, क्लाऊड म्हणजे चव्हाट्यावर. तुम्ही दोघं एकमेकांना भेटायला हवं खरं तर.

इमारत, वीज, कुलपं, डिस्क, एका मशीनची अनेक मशीन करणारं खालचं व्हर्च्युअलायझेशन हे त्यांचं. तुम्ही नुसतं मशीन भाड्याने घेतलंय तर त्याच्या आतली विंडोज, तिचे पॅच (कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या), पासवर्ड, कुठला पोर्ट (नेटवर्कवरचं दार) उघडा आणि कोणाला काय दिसतं हे सगळं तुमचं. सर्टिफिकेट त्यांच्या भागाचं असतं. २०१९मध्ये कॅपिटल वन बँकेमधून अमेरिकेतल्या साधारण १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली, तेव्हा क्लाऊडची इमारत कोणी फोडली नव्हती, बँकेच्या बाजूचं एक फायरवॉल चुकीचं लावलेलं होतं. पुढच्या वर्षी ८ कोटी डॉलरचा दंड झाला तोही बँकेलाच.

जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांची अजून एक पंचाईत असते. विंडोज सर्व्हर २०१२चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ला संपला. ते मशीन उचलून क्लाऊडवर ठेवलं म्हणून ते तरुण होत नाही. अझ्युअरवर नेलं तर वाढीव सिक्युरिटी पॅच सपोर्ट संपल्यापासून तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२६पर्यंत, वेगळे पैसे न भरता मिळायची सोय केली हे खरं, पण तो वाढवून दिलेला वेळ आहे. आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट जगाला उघडा ठेवून बघा, नको, बघूच नका, पण कोणी ठेवला असेल तर त्याला पहिल्या दिवसाचा लॉगिनचा लॉग उघडायला सांगा, अनोळखी लोकांची रांग दिसेल.

कपाटवाल्या मालकांना एवढंच विचारा, की कपाटाशेजारच्या सर्व्हरला शेवटचा पॅच कधी लागला.

प्रश्न : आमचं स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल फॉक्सप्रोमधलं आहे, लिहिणारा गृहस्थ कधीच रिटायर झाला. व्हेंडर म्हणतो क्लाऊडवर जायचं तर पूर्ण नव्याने लिहावंच लागेल, वर्षभर लागेल.

उत्तर : 'लागेलच' हे बरोबर नाही, आणि 'वर्षभर' हे तर मुळीच नाही, दोन धरा.

फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ला थांबवला हे खरं, पण हे ३२ बिटचे प्रोग्राम आजच्या विंडोजवरही चालतात. प्रोग्राम आणि सगळ्या डीबीएफ (फॉक्सप्रोच्या डेटाच्या) फाइल एकाच विंडोज मशीनवर ठेवायच्या, ते मशीन क्लाऊडवर, आणि लोकांनी रिमोट डेस्कटॉपने आत शिरायचं. पडद्याचं चित्र फक्त इकडे येतं, डेटा तिथल्या तिथेच हलतो. ह्याच्या उलट, म्हणजे डीबीएफ क्लाऊडवर आणि प्रोग्राम तुमच्या पीसीवर, मधे व्हीपीएन, हे चुकूनही करू नका. फॉक्सप्रो आणि अ‍ॅक्सेस हे फाइलवर चालणारे डेटाबेस आहेत, तुमचा पीसी स्वतः जाऊन फाइलमध्ये लिहितो, मधेच लाइन तुटली की अर्धं लिहिलेलं रेकॉर्ड आणि फाटलेला इंडेक्स हाती येतो. विंडोज सर्व्हरवर आपोआप दोनच अ‍ॅडमिन सेशन मिळतात, बाकी लोकांसाठी रिमोट डेस्कटॉपची लायसन्स वेगळी घ्यावी लागतात, तो खर्च आधी धरा. आणि एका डीबीएफ फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, तुमची सगळ्यात मोठी फाइल किती झालीय ते आज बघा. १.७ वगैरे दिसलं तर मात्र व्हेंडरचं म्हणणं ऐकायची वेळ जवळ आलीय, क्लाऊडचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नव्याने लिहिणं वाईट असं नाही. नेटफ्लिक्सने तेच केलं. ऑगस्ट २००८ला त्यांचा डेटाबेस बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तेव्हा त्यांनी क्लाऊडचं मनावर घेतलं आणि जवळजवळ सगळं नव्याने बांधत गेले. शेवटचं काम संपलं जानेवारी २०१६ला, म्हणजे सात वर्षांवर. तेही त्यांच्यासारख्यांना.

अजून एक मार्ग आहे जो व्हेंडर कधीच सांगणार नाही, तो म्हणजे काही सॉफ्टवेअर हलवायचंच नाही. आणि काही चक्क बंद करायचं. जुन्या सर्व्हरवर असं एखादं तरी असतंच की जे कोण वापरतं हे कोणालाच माहीत नसतं. त्याचा बॅकअप घ्या, नेटवर्कची वायर काढा आणि कोण ओरडतं ते ऐका. महिनाभर तरी थांबा, कारण काही लोक महिनाअखेरीलाच ओरडतात. मी एकदा असं केलं तर पंचविसाव्या दिवशी फोन आला, 'ताई, ते रिपोर्टचं चालत नाहीये,' आणि फोन करणारा माणूस आमच्या यादीतच नव्हता.

प्रश्न : शनिवारी रात्री सुरू करून सोमवारी सकाळी सगळे नवीन सर्व्हरवर, असा प्लॅन आहे. डेटा १० टीबी, लाइन १०० एमबीपीएस. होऊन जाईल ना?

उत्तर : गणित करा. १० टीबी म्हणजे ८० लाख कोटी बिट, सेकंदाला १० कोटी बिट. ८ लाख सेकंद. नऊ दिवसांच्या वर, तेही लाइन पूर्ण मोकळी मिळाली तर. तो सोमवार सोडाच हो, त्याच्या पुढचा सोमवारही उलटून जाईल.

मोठा ढीग आधी हळूहळू पाठवायचा किंवा प्रोव्हायडर देतात त्या डिस्कवर भरून पाठवायचा, आणि शनिवारी फक्त मधल्या काळात बदललेलं. ते जमलं तरी खरी मजा सोमवारीच असते. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये जुना आयपी, म्हणजे जुन्या सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता, लिहिलेला सापडतो. बिलाचे मेल जात नाहीत, कारण २५ नंबरच्या पोर्टवरून थेट मेल पाठवणं एडब्ल्यूएस, गूगल आणि अझ्युअर सहसा अडवतात, ५८७वरून नीट लॉगिन करून पाठवावं लागतं आणि तुमच्या जुन्या प्रोग्रामला ते लॉगिन येत नाही. रात्री १२ला आपोआप चालणारं जॉब भलत्याच वेळी चालतं, कारण क्लाऊडवरचं मशीन बहुतेक वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर असतं. डीएनएसची (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीची) टीटीएल, म्हणजे तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, कोणी २४ तासांवर ठेवली असेल तर अर्धे लोक दिवसभर जुन्याच सर्व्हरवर एंट्री करत बसतात आणि त्या एंट्री मग दोन्हीकडून जुळवत तुम्ही बसता. तेव्हा चार-पाच दिवस आधी टीटीएल पाच मिनिटांवर आणा आणि जुना सर्व्हर शनिवारी नुसता वाचण्यापुरता करून टाका.

आणि डी ड्राइव्ह! जुन्या सर्व्हरवर सगळा डेटा डी ड्राइव्हवर असायचा, प्रोग्राममध्ये तोच पाथ कोरलेला. अझ्युअरच्या बऱ्याच विंडोज मशीनवर डी ही तात्पुरती डिस्क असते. मशीन डीअ‍ॅलोकेट केलं की तिच्यावरचं सगळं गेलं. तशी सूचना देणारी एक फाइलही त्याच डिस्कवर ठेवलेली असते, नावातच डेटालॉस असलेली, पण नव्या मशीनवरच्या रीडमी फाइल कोण उघडतं? प्रोग्राम मजेत चालतो, कोणाला काही कळत नाही, मग एखादा हुशार माणूस पैसे वाचवायला रात्री मशीन बंद करतो. (हो, वर पहिल्या उत्तरात मीच सांगितलंय बंद करायला. आधी डी बघा.)

एका रात्रीत सगळ्यांना हलवायचा मोह आवरा. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ला एका वीकेंडमध्ये ५० लाख ग्राहक नव्या प्लॅटफॉर्मवर नेले, क्लाऊडचा प्रकार नव्हता तो, पण गोष्ट हीच. डेटा नीट पोचला होता, ढेपाळला तो प्लॅटफॉर्म, आणि सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. आधी एक खातं, एक शाखा, दहा माणसं न्या आणि परत यायची वाट उघडी ठेवा.

प्रश्न : क्लाऊडवर गेल्यावर सिस्टीम कधीच बंद पडत नाही आणि लोड वाढला की आपोआप मशीन वाढतात, हे खरं का?

उत्तर : प्रोव्हायडर अमुक टक्के वेळ चालू ठेवायचा शब्द देतात, त्यात ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. शब्द मोडला तर बिलात थोडी सूट मिळते, तुमचं धंद्याचं नुकसान कोणी भरून देत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ला अ‍ॅमेझॉनच्या माणसाने एका कमांडमध्ये एक इनपुट चुकीचं टाकलं आणि एका रीजनमधलं एस-थ्री चार तास आडवं झालं, त्यावर चालणाऱ्या कितीतरी साइट त्याच्याबरोबर.

मशीन आपोआप वाढतात, सॉफ्टवेअर आपोआप वाटलं जात नाही. जुनं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर राहायचं अशा हिशोबाने लिहिलेलं असतं. कोण लॉगिन आहे ते मेमरीत ठेवतं, अपलोड केलेली फाइल स्वतःच्या डिस्कवर ठेवतं. दुसरं मशीन सुरू झालं की निम्म्या लोकांना परत लॉगिन करावं लागतं आणि सकाळी चढवलेली फाइल दुपारी 'नाहीये' येते. ह्यात सगळ्यात वाईट म्हणजे रात्रीचं बिलिंगचं जॉब दोन्ही मशीनवर चालतं. गिऱ्हाइकांना दोन-दोन बिलं.

प्रश्न : एकदा आत गेलो की बाहेर येता येत नाही म्हणतात.

उत्तर : येता येतं, किती सोपं ते तुम्ही काय वापरलंय त्यावर. साधं मशीन आणि साधा पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर कुठेही नेता येईल, त्यांच्या खास सर्व्हिसमध्ये प्रोग्राम गुंतवलात तर सोडवताना घाम निघेल. डेटा बाहेर काढायच्या दराचं म्हणाल तर २०२४मध्ये गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी सोडून जाणाऱ्यांना ते माफ करायचं जाहीर केलं, अटी आहेत, वाचा. युरोपात तर डेटा अ‍ॅक्टप्रमाणे १२ जानेवारी २०२७पासून प्रोव्हायडर बदलायचे पैसे घेताच येणार नाहीत.

प्रश्न : बारा वर्षं सर्व्हर रूम सांभाळतोय. माझी नोकरी जाणार का?

उत्तर : डिस्क बदलायचं काम जाईल. वर जे लिहिलं, म्हणजे कुठलं जॉब किती वाजता चालतं, कुठल्या फाइलमध्ये कुठला आयपी आहे, महिनाअखेरीला कोण ओरडतं, हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे? ते सगळं एका वहीत लिहून काढा, साहेबांनी मागायच्या आधी, आणि वही घेऊन मायग्रेशनच्या, म्हणजे क्लाऊडवर हलवायच्या, मीटिंगमध्ये जाऊन बसा, बोलावलं नसेल तरी.

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअरला मशीनच्या मागे एक यूएसबी डोंगल (लायसन्सची पेनड्राइव्हसारखी किल्ली) लावावं लागतं, नाहीतर सुरूच होत नाही. क्लाऊडवर ते कुठे लावायचं?

उत्तर : लावता येत नाही, तिथे तुम्हाला कोणी पोर्ट देणार नाही. कंपनी अजून अस्तित्वात असेल तर त्यांच्याकडून नेटवर्क किंवा सॉफ्टवेअर लायसन्स मागून घ्या, आणि ते मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या नंबराला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं नाही ना तेही विचारा, कारण क्लाऊडवर मशीन नव्याने बनवलं की तो बदलू शकतो. नेटवर्कवरून यूएसबी पलीकडे दाखवणारी सॉफ्टवेअर मिळतात आणि ती चालतातही. एके ठिकाणी असंच केलं होतं, डोंगल ऑफिसातल्या एका पीसीला आणि सॉफ्टवेअर दूर क्लाऊडवर. तीन महिने छान चाललं, मग एक दिवस कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला ते काढून ठेवलं आणि अख्खं डिस्पॅच थांबलं. प्रोव्हायडरच्या सपोर्टशी दोन तास वाद घातला आम्ही, मग कोणीतरी टेबलाखाली वाकून बघितलं.